अकरावी चिठ्ठी

सिंगापूर,
९ फेब्रुवारी

ती. ताताय यांस,

तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लावून सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. मनांग पेर्ला म्हणते की फोनवर तुम्ही सगळ्याला 'हो हो' म्हणता आणि फोन ठेवल्यावर तिला विचारता की पोरगा काय म्हणाला. चाळीस वर्षं कॉम्प्रेसरला कान लावून बसल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा पत्रच बरं.

माझं काम ऐकून तुम्ही हसाल. आठवडा आठवडा मी पान्याला हात लावत नाही. थंडगार खोलीत बसून पडद्यावर गार हवेची तीनशे यंत्रं बघतो. कुठल्या इमारतीत कुठल्या पंख्याला धाप लागली, कुठे गॅस कमी झाला, ते यंत्रच सांगतं, तेही गिऱ्हाइकाला घाम फुटायच्या आधी. इथे आता यंत्र विकतच नाहीत. यंत्र कंपनीचं, गिऱ्हाईक महिन्याच्या महिन्याला नुसता थंडावा घेतं, आपण दूध घेतो तसा. एका हॉटेलात तर खोल्यांतून बाहेर फेकायची गरमी धरून तिच्यावरच अंघोळीचं पाणी तापवतात. तुम्ही आयुष्यभर ती गरमी आपल्या मोलोच्या गल्ल्यांत सोडत आलात!

तुमच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची गोष्ट मी इथल्या साहेबांना सांगितली. प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आत दुधाच्या खोक्याचा तुकडा, त्यावर तारीख, कुठला गॅस भरला ते आणि तुमची सही. साहेब म्हणाले की त्यांचा पडदा तेच करतो, फक्त अक्षर तुमच्याइतकं चांगलं नाही.

मनांगने नव्या गॅसचा परवाना काढला हे कळलं. माझी थोरली बहीण आहे म्हणून म्हणत नाही, पण तिला नुसतं गल्ल्यावर बसवू नका. बायका गिऱ्हाइकांना घरात बाईमाणूस आलेलं बरं वाटतं, हा धंदा पुढे तसाच चालणार आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुमचा,
नोनोय


मोलो, इलोइलो,
२४ फेब्रुवारी

चि. नोनोय यास, मनांग पेर्लाचे अ. उ. आ.

फोनवर मी 'थोडंसं भाजलंय' एवढंच म्हणाले, कारण ताताय समोर बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. आता खरं लिहिते. घाबरू नकोस, जिवावरचं टळलं आहे.

गेल्या रविवारी सेन्योरा कंदेलारियाच्या बेकरीतली केकची खोली थंड होईना. दोन दिवसांवर लग्नाचे तीन केक होते, म्हणून ताताय सकाळीच एकटे गेले. झाकण उघडलं, आत त्यांचीच चिठ्ठी: बावीस नंबरचा गॅस, खाली सही. नेहमीसारखा त्यांनी गॅस सोडून दिला, नळीला डाख द्यायला बत्ती पेटवली, आणि भडका उडाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. बेकरीतल्या माणसांनी पिठाची ओली पोती टाकून विझवलं म्हणून निभावलं. एक केकही जळाला. त्याबद्दल सेन्योरा जितकं रडली तितकं तातायबद्दल रडली नाही, पण ते असो.

बावीस नंबरचा गॅस पेटत नाही हे आपल्या घरात मांजरालाही ठाऊक आहे. म्हणून ताताय म्हणतात की चूक त्यांचीच. बत्तीच्या नळीचा खटका आपणच नीट लावला नसणार, ती गळत असणार, आणि नाकाला वास आला नाही कारण नाकही कानांच्या वाटेने गेलं. हे ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बँडेज दाखवून सांगतात की पासष्टीनंतर माणसाने आगीशी खेळू नये. सेन्योराने बाजारभर केलंच आहे की म्हातारा बत्ती हातात घेऊन डुलक्या घेत होता. आठवड्यात चार गिऱ्हाइकं त्या नव्या कंपनीकडे गेली, ती तुझ्यासारखी पडद्यावर यंत्रं बघणारी.

शेजारची पोरं संध्याकाळी आली की तातायचा हात कपाळाला लावायला वाकतात आणि बँडेज बघून अवघडून उभी राहतात. मग ताताय डावा हात पुढे करतात. ते बघवत नाही रे.

औषधं चालू आहेत. तू येण्याची घाई करू नकोस, नोकरी सांभाळ. पण पत्र लवकर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मनांग


सिंगापूर,
४ मार्च

ती. मनांग हिस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. भाजल्यावरचं मलम पाठवतो आहे, इथल्या इस्पितळातल्या आपल्याकडच्या एका नर्सला विचारून घेतलं आहे. जखम कोरडी झाल्याशिवाय लावू नका.

बेकरीतलं ते यंत्र आता कुठे आहे? भंगारात दिलं का? ती चिठ्ठी कुणी काढून ठेवली का? त्या यंत्राला आणखी कुणी हात लावू नये एवढं बघ. सहज विचारतो.

तातायना म्हणावं, स्वतःला एवढा बोल लावू नका. माणसाच्या हातून चूक होते. नळी जुनी असेल. नळ्या जुन्या होतात. खरंतर असं काम आता एकट्याने करूच नये. इकडे दोघांशिवाय कुणी शिडी चढत नाही, आणि बत्ती पेटवायच्या आधी हवेत गॅस आहे का ते छोट्या यंत्राने हुंगून बघतात. तसलं एक मी पाठवतो. वरातीमागून घोडं, पण पाठवतो.

बाकी काही विशेष नाही. काम खूप आहे.

नोनोय


मोलो,
११ मार्च

चि. नोनोय यास अ. उ. आ.

मलम मिळालं, हुंगणारं यंत्रही मिळालं. ताताय ते कानाला लावून बघत होते, मी उलटं करून दिलं.

तुझं पत्र त्यांना वाचायला दिलं. वाचून म्हणाले की पोरगा शहाणा झाला, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून नळीवर घालतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाने, नळ्या, दाब मोजायची घड्याळं असं सगळं पुसून पेटीत भरलं आणि पेटी माझ्या खाटेखाली सरकवली. त्या पडदेवाल्या कंपनीचा माणूस आला होता. आपलं दुकान आणि गिऱ्हाइकांची वही दोन्ही घ्यायला तयार आहे, जूनच्या एक तारखेला सही करायची. ताताय त्याला म्हणाले की वही घ्या, पण आतल्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नका, त्या एका म्हाताऱ्याने लिहिलेल्या आहेत. त्या माणसाने हसण्यावारी नेलं. मी मात्र मागच्या दाराने बाहेर गेले आणि पोटभर रडले. त्यांच्या चिठ्ठीवर डोळे मिटून भरवसा ठेवणारी अर्धी मोलो आहे, आणि त्यांचाच त्यांच्यावरचा उडाला.

आता तुझं काय ते सांग. बेकरीचं यंत्र तसंच आहे, सेन्योराने रागाने वर चादर टाकून ठेवली आहे. चिठ्ठीही आतच आहे. तू हे का विचारलंस? एक तर तुझ्या पत्रात तातायच्या हाताबद्दल एक ओळ आणि यंत्राबद्दल चार ओळी आहेत. दुसरं असं की तू लोभाची ओळच लिहिली नाहीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसलं काही नसेल तर मला माफ कर. असेल तर माझ्याशी नको, त्यांच्याशी बोल. जूनच्या आत बोल.

तुझीच,
मनांग


सिंगापूर,
१९ मार्च

ती. ताताय यांस,

साष्टांग नमस्कार. हाताचं लिहायची माझी लायकी नाही, म्हणून लिहीत नाही.

आज दुपारी मी मनांगला फोन करून अकरा ठिकाणांची यादी दिली आहे, ती तिने तुम्हाला दाखवली असेल. ती गोष्ट पत्राची वाट बघण्यासारखी नव्हती. हे पत्र त्या यादीचं कारण सांगायला.

बत्तीची नळी गळत नव्हती. तुम्ही खटका नीट लावला होता. तुम्ही काहीही चुकला नाहीत. सेन्योराच्या यंत्रात बावीस नंबरचा गॅस नव्हता. त्यात मी नवा गॅस भरला होता, ज्याला तुम्ही चुलीचा गॅस म्हणता, तो पेटणारा.

मागच्या वर्षी मी निघायच्या आधी बावीस नंबर मिळेनासा झाला होता, आठवतं? गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी इलोइलोच्या शिबिरात शिकून आलो होतो की नवा गॅस थोडासा भरला तरी जुन्यापेक्षा गार करतो आणि वीज कमी खातो. शिबिरात हेही बजावलं होतं की जुन्या यंत्रात तो भरायचा नाही, आणि जिथे भराल तिथे लाल चिठ्ठी लावल्याशिवाय झाकण बंद करायचं नाही. मी पहिलं ऐकलं आणि बाकीचं सोडलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. लाल चिठ्ठी लावली असती तर तुम्हाला दिसली असती. म्हणून मी तुमची जुनी चिठ्ठी होती तशीच आत ठेवली. सेन्योरा म्हणाली की पोराच्या हाताला बापापेक्षा गुण आहे. मला ते गोड लागलं, ताताय. म्हणून तिच्या एकावर आणखी अकरा झाली.

सेन्योराच्या खोलीत तुम्ही तुमचंच अक्षर वाचलंत आणि बत्ती पेटवलीत. मी तुमच्या सहीमागे लपलो होतो आणि आग तुम्हाला लागली. रोज पडद्यावर तीनशे यंत्रं मला खरं सांगतात, आणि मी तुम्हाला 'नळ्या जुन्या होतात' असं लिहिलं.

सेन्योरालाही आजच वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात हे सगळं लिहिलं आहे. तुम्ही दुकान विकू नका. माझ्याकडून जे करून घ्यायचं असेल ते सांगा.

माफी मागतो, पण ती मिळावी असं म्हणवत नाही.

नोनोय


मोलो,
२६ मार्च

नोनोय यास,

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझ्या मनांगने फोन ठेवला त्याच दिवशी आम्ही निघालो. रात्र पडायच्या आत दहा यंत्रांवर लाल कागद लावून झाला आणि ती बंद केली. उन्हाळा सुरू आहे, लोकांनी शिव्या दिल्या, त्या ऐकल्या. ऐकू कमी येतं याचा पहिल्यांदा फायदा झाला. अकरावं लेतिसिया शिंपिणीचं. तिने ते जानेवारीतच जुन्या सामानवाल्याला दिलं. तो म्हणतो की पुढे गुइमारास बेटावर गेलं, शाळेला की खानावळीला ते आठवत नाही.

तू सेन्योराला लिहिलेलं पत्र तिने बेकरीत उभं राहून सगळ्यांसमोर वाचलं. आधी बाजार म्हणत होता की बाप डुलक्या घेतो. आता म्हणतो की पोरगा लबाड आहे. यातलं मला कुठलं ऐकायला सोपं जातं, ते तू ठरव.

गॅसचं मी एक वेळ समजू शकतो. मीही पंचविशीत बापाला न सांगता पुष्कळ केलं. पण मनांगचं पत्र तुला एक तारखेला मिळालं आणि तू एकोणीसला फोन केलास. अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत त्या दहा यंत्रांखाली माणसं झोपली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर एक आहे. चर्चच्या पाळणाघरात एक आहे. हाताचं मला काही वाटत नाही, हात माझा होता. त्या अठरा दिवसांचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

लाल कागद पेर्लाच्या अक्षरात आहेत. ज्याने भरलं त्याचं अक्षर यंत्रात असलं पाहिजे. अकरा चिठ्ठ्या लिहून पाठव. तारीख, गॅस, तुझी सही. पूर्ण नाव लिही, नोनोय नको.

क्रिसांतो पाल्मारेस


सिंगापूर,
२ एप्रिल

ती. ताताय यांस, साष्टांग नमस्कार.

सोबत अकरा चिठ्ठ्या पाठवतो आहे. इथल्या दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा पातळ आहे, म्हणून दोन तुकडे चिकटवून घेतले. तारखा माझ्या जुन्या वहीतून काढल्या. पाळणाघराची चिठ्ठी तीनदा लिहावी लागली.

ते अठरा दिवस असे गेले. रोज सकाळी फोन हातात घ्यायचो आणि म्हणायचो की उद्या. भीती आगीची नव्हती, तुमच्या तोंडाची होती. ते खरं कारण आहे आणि ते फार लहान आहे.

एलिसेओ पाल्मारेस


मोलो,
९ एप्रिल

चि. नोनोय यास, मनांगचे अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिला खरा, पण तुझ्यावरचा माझा राग गेला आहे असं समजू नकोस. तू समोर असतास तर लाटणं घेऊन मागे धावले असते. मी तुझ्यासाठी सुकी मासळी पाठवत होते आणि तू मला 'सहज विचारतो' लिहीत होतास!

तरी बातमी सांगते. आम्ही एकेक यंत्र उतरवून, उघड्यावर नेऊन गॅस काढतो आहोत. शिडीवर मी, खाली ताताय. डाव्या हाताने शिडी धरतात आणि वर बघून सूचना देतात, त्यातल्या निम्म्या मला आधीच ठाऊक असतात. मी खाली ओरडून उत्तर देते, त्यांना ते ऐकू येत नाही, काम छान चालतं. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढच्या खेपेलाही मलाच पाठवा. पाळणाघराच्या सिस्टरनी तातायना बसवून वाडगाभर गरम शेवयांचं बाचोय खायला घातलं, आणि मग तुझी चिठ्ठी मागून घेऊन दोनदा वाचली.

परवा ताताय माझी परवान्याची पुस्तकं मागून घेऊन बसले. अडुसष्टाव्या वर्षी नव्या गॅसचा अभ्यास! वहीत डाव्या हाताने काय लिहिलं होतं ते मी चोरून वाचलं. लिहिलं होतं की चुलीचा गॅस वाईट नाही, न सांगता भरलेला वाईट. पेटी माझ्या खाटेखालून आपली आपण निघून गेली आहे. जूनच्या सहीबद्दल विचारलं, तर त्या कंपनीच्या माणसाचं नाव त्यांना आठवेना. नाव त्यांना चांगलं आठवत होतं.

फक्त अकराव्या यंत्रापायी त्यांना झोप नाही. दोनदा बोटीने गुइमारासला जाऊन आले. शाळा बघितल्या, खानावळी बघितल्या. ऊन लागून परत येतात, आणि तुझी ती उरलेली चिठ्ठी खिशातून काढून गल्ल्यावर ठेवतात.

मायेत खंड पडू देऊ नकोस, मी पडू दिलेला नाही, कितीही वाटलं तरी.

तुझी,
मनांग


मोलो,
१५ एप्रिल

चि. नोनोय यास अ. उ. आ.

हे उजव्या हाताने लिहिलं आहे. पहिलंच आहे, तेव्हा ओळी वर गेल्या असतील.

दहा यंत्रांचं काम झालं. पाच जुनी होती ती मोडीत काढली, पाच सुधारून दिली. तुझ्या दहा चिठ्ठ्या लावल्या, मोडीत निघालेल्यांच्या आमच्या भिंतीवर लावल्या. सेन्योराकडे नवं यंत्र पेर्लाने बसवलं. बाई अजून मला डुलकीवरून टोमणे मारते, सवय लागली आहे तिला. मी ते ऐकू आलं नाही असं दाखवतो.

अकरावी चिठ्ठी या पाकिटात परत पाठवतो आहे. ते यंत्र मला सापडलं नाही. त्यावरची नंबराची पट्टी उन्हाने केव्हाच पुसली गेली आहे, लेतिसिया म्हणते, आणि गुइमारासला त्या जातीची शंभर यंत्रं आहेत. पण तू तिथे नळीला डाख दिला होतास असं यादीत लिहिलं आहेस. डाख देताना शेवटी तू उगीच एक थेंब जास्त ठेवतोस. तुला शंभरदा सांगितलं, तू ऐकलं नाहीस. तेवढीच एक खूण उरली आहे. माझी नजर आता तेवढी राहिली नाही आणि पेर्लाने तो थेंब कधी बघितलेला नाही. तो तुलाच ओळखता येईल.

तेव्हा सुट्टी मिळाली तर सुट्टी घेऊन ये, नाही मिळाली तर तसाच ये. चिठ्ठी आपल्या हाताने लाव. शाळेला सुट्टी आहे तोवर आपण शाळा संपवू, मग खानावळी. आंबे सुरू झाले आहेत, बोटीवर खायला होतील.

अठरा दिवसांचं अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, ते मी लपवत नाही. आपल्या घरात लपवणं आता पुष्कळ झालं. तू आलास तरी दोन-चार दिवस मी नीट बोलेन असं नाही.

तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांत ती पहिली ओळ, माझा हात कपाळाला लावायची, नव्हती. बघून वाईट वाटलं. हाताला नवी कातडी आली आहे, गुलाबी आणि नाजूक, लहान मुलासारखी. डॉक्टरांनी ऊन आणि आग वर्ज्य सांगितली आहे. कपाळाला हरकत नाही, मी विचारून घेतलं.

ताताय